धर्मशिक्षकाची पारख

मनमाड हे रेल्वेचे गाव. रेल्वेचा कारखाना, अन्न महामंडळाची गुदामे आणि गुप्तसर साहिब गुरुद्वारा यांच्या आधाराने निरनिराळ्या धर्मांची माणसे येथे स्थिरावली. अशा गावात पाळीवर जाणारा कामगार आपल्या प्राथमिक शाळेतील मुलासाठी धर्म शिकवणारा शिक्षक शोधू लागतो, तेव्हा पुरोगामी कार्यकर्ता बहुधा हसून विषय बदलतो. हे हसणे चळवळीला महाग पडते.

पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देऊ नये, असे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते. अनुदानित शाळेतही पालकाच्या संमतीवाचून मुलाला त्यात बसवता येत नाही. हे योग्यच आहे. सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळेने कोणा एकाची उपासना शिकवू नये. परंतु शाळेने पाळलेले मौन घराने पाळावे, असे घटना म्हणत नाही. नातवाला कुराण वाचता यावे, नातीला गुरुमुखी यावी, रोजच्या प्रार्थनेचा अर्थ मुलांना कळावा, या इच्छेत प्रतिगामी काही नाही. मात्र शाळा मौन पाळते व कार्यकर्ता पाठ फिरवतो, तेव्हा ती मोकळी जागा द्वेषाच्या व्यापाऱ्यांना आयतीच सापडते. त्यांची शिकवणी फुकट असते. तिची किंमत पुढे मूल चुकवते आणि त्याचा शेजारीही.

मग शिक्षकाची पारख कशी करावी? तिची कसोटी मनमाडलाच सांगितली गेली आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत येथे भरलेल्या रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार, असा खुलासाही त्यांनी केला. हीच तीन मापे धर्मशिक्षकाला लावावीत. मुलाने प्रश्न विचारला तर तो रागावतो की उत्तर देतो? मुलीला मुलाइतकेच शिकवतो काय? परधर्मीयाविषयी बोलताना त्याची जीभ कशी चालते? पाठांतराबरोबर अर्थ सांगतो की केवळ भय घालतो? शिकवणी दाराआड न घेता घरातील माणसांसमोर घेण्यास तो तयार आहे काय?

आणखी एक गोष्ट. घरोघर फिरून शिकवणारे मौलवी किंवा ग्रंथी हेही श्रमिकच आहेत. गणिताच्या शिकवणीला ठरलेली फी आणि धर्माच्या शिकवणीला मर्जीची दक्षिणा, हा व्यवहार न्याय्य नव्हे. रास्त मेहनताना देणाऱ्या पालकालाच रास्त अपेक्षा धरता येते.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) एका धर्माचे शिक्षण आणि सर्व धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद केला होता. पहिले काम घराचे, दुसऱ्याला शाळेतही स्थान आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणाऱ्या साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवरही ग्रंथ लिहिला. स्वधर्माविषयीची आस्था आणि परधर्माविषयीचा आदर एकाच हृदयात नांदू शकतात, याचा याहून मोठा दाखला कोणता? कार्यकर्त्यांनी पालकांबरोबर बसावे, शिक्षक शोधण्यास मदत करावी आणि शेजारच्या घरातील सणाला मुलांना हाताला धरून न्यावे. तो धडा कोणत्याही शिकवणीत मिळत नाही.