वेगाचे कौतुक, थांबण्याची विद्या

आम्हा मैंदर्गीकरांना रेल्वे पकडायची तर दुधनी नाहीतर अक्कलकोट रोड गाठावे लागते. मुंबईहून सोलापूरमार्गे आलेला हा लोहमार्ग १८७१ साली रायचूरला मद्रासच्या रुळांना मिळाला. पुढे कित्येक पिढ्यांनी त्यावर वाफेची गाडी पाहिली. आजही फलाटावर म्हाताऱ्यांच्या गप्पांत ते इंजिन निघतेच. पण आठवतो तो धूर आणि आठवते ती शिट्टी. गाडी थांबत कशी होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

जुनी इंजिने जतन करतानाही आपले असेच होते. लीड्सला १८५५ साली घडलेले 'फेअरी क्वीन' दुरुस्त होऊन १९९७ मध्ये दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटकांना घेऊन धावले, तेव्हा देशभर कौतुक झाले. ते योग्यच होते. पण इंजिन पळवणे ही अर्धी विद्या. शेकडो टनांची गाडी थांबवणे ही उरलेली अर्धी.

सुरुवातीच्या काळात ब्रेक हाताने आवळायचे. ड्रायव्हरने शिट्टी द्यायची आणि मागच्या डब्यातल्या गार्डने चाक फिरवून ब्रेक लावायचा. पुढे व्हॅक्यूम ब्रेक आले. पण साध्या प्रकारात नळी तुटली की ब्रेकच जात. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माजवळ चढावर सहलीच्या गाडीचे डबे सोडवले गेले, ते मागे घसरत जाऊन दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली. त्यांत मुले बरीच होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

आपल्याकडे दीर्घकाळ चाललेला व्हॅक्यूम ब्रेक याच जातीचा. इंजिनातील वाफेच्या झोताने गाडीभर गेलेल्या नळीतली हवा ओढून घेत. हवा नसेल तोवर चाके मोकळी. ड्रायव्हरने झडप उघडली, प्रवाशाने साखळी ओढली किंवा डबे तुटले, की नळीत हवा शिरे आणि प्रत्येक डब्याखालचा दट्ट्या ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबी. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, हा त्यामागचा विचार. बोरघाटातील 'कॅच सायडिंग' त्याच विचाराची: उतारावर गाडी ताब्यात आहे हे ड्रायव्हरने आधी थांबून दाखवायचे, मगच पुढचा मार्ग मिळायचा.

आजचे डबे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे आहेत. त्यांना जोडायचे तर जुन्या इंजिनात बदल करावे लागतात. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असल्याने त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र काढलेली यंत्रणा भंगारात जाऊ नये. स्टेशनाबाहेर रंगवून ठेवलेल्या इंजिनाशेजारी व्हॅक्यूम ब्रेकचा एक सिलिंडर कापून आतला दट्ट्या दिसेल असा मांडावा, मराठीत माहिती लिहावी. खर्च तो कितीसा?

याहून निकडीचे काम माणसांचे आहे. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ मध्ये थांबली. त्या काळचे अनेक ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कोणत्या उतारावर हवा किती सोडायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. ते आत्ताच लिहून घ्यायला हवे. लोखंड रंगवून पुन्हा उभे करता येते. त्या हातांचे तसे नाही.