निवृत्त झाले कोण?



उन्हाळ्याची सुट्टी सरली. खासबागेतील घराघरांतून पाहुण्यांची पाठवणी झाली, गच्चीवरची वाळवणे डब्यांत गेली, आणि नातवंडांच्या कल्लोळात इतके दिवस हरवलेली मागांची खडखड पुन्हा कानी पडू लागली. या सुट्टीत आमच्या दृष्टीस पडलेली एक गोष्ट आज आपणांपुढे मांडावीशी वाटते.

एप्रिलच्या अखेरीस आमच्या ध्यानात आले की, रविवारच्या मिस्सेला नेमाने येणाऱ्या एक वृद्ध भगिनी सलग दोन रविवार दिसल्या नाहीत. त्यांचे यजमान येत, दोन नातवंडांना बोटाशी धरून येत. त्या मात्र नसत. आजारी असतील या शंकेने एके सायंकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाई धडधाकट होत्या व शेगडीपुढे उभ्या होत्या. आम्ही टेकतो न टेकतो तोच चहा आला, चहामागून कुंदा आला, आणि आता जेवूनच जा, असा आग्रह झाला. आग्रह यजमानांनी केला. पीठ पुन्हा मळले ते बाईंनी. आम्ही जेवलो. पाहुण्यांत आणखी एका पानाची भर आपणच घातली, हे परतीच्या वाटेवर आमच्या ध्यानी आले!

यजमान कर्नाटक शासनाच्या सेवेतून साठाव्या वर्षी निवृत्त झालेले सद्गृहस्थ. कन्या बेंगळूरला, पुत्र पुण्याला. सीमाभागातील घरांची सुट्टी कशी लांबते, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. कर्नाटकातील शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होतात व मे महिना संपताना उघडतात. महाराष्ट्रातील शाळा मे महिन्यात बंद असतात व जूनच्या मध्याला उघडतात. म्हणून बेंगळूरची नातवंडे जातात न जातात तोच पुण्याची दारात उभी! आनंद दुप्पट खरा, पण स्वयंपाकही दुप्पट.

जेवताना यजमान मोठ्या समाधानाने सांगत होते, “फादर, आता निवृत्त झालो, दिवस मोकळे आहेत. मुले आली की त्यांना गाव दाखवतो. परवाच सगळे गोकाकला जाऊन आलो.” तेथील धबधबा बावन्न मीटर उंचीचा, परंतु एप्रिलात घटप्रभेला पाणी कोठले? मंडळी उघडा खडक व एक बारीक धार पाहून परत आली. बाई गेल्या नव्हत्या. रात्रीचा स्वयंपाक होता. पोळी वाढता वाढता त्या हसून म्हणाल्या, “ह्यांनी गाव सगळ्यांना दाखवले, फादर. मी मात्र चाळीस वर्षे बेळगावात राहून किल्ल्यातली कमल बस्ती अजून बघितली नाही.”

सगळे हसले. यजमान तेवढे हसले नाहीत.

मार्था व मरिया यांच्या वृत्तांतावर आम्ही आजवर कितीदा प्रवचन केले आहे! मार्थेच्या धावपळीला प्रत्येक वेळी नावे ठेवली. तिला लाझरस नावाचा एक भाऊही होता. त्याने पाण्याची घागर उचलली का, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. आपल्या समाजात पुरुष निवृत्त होतो. त्याला हारतुरे मिळतात, निवृत्तिवेतन मिळते. त्याच घरातील स्त्रीच्या निवृत्तीचा दिवस कोणत्या पंचांगात छापलेला असतो?

मुलगी मे महिन्याच्या आरंभी परतली. मुलाला यायला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत यजमानांनी दोनदा रिक्षा बोलावली. पहिल्या दिवशी दोघे किल्ल्यात गेले. रट्ट राजांच्या काळात, इ. स. १२०४ मध्ये उभारलेली ती जैन बस्ती. मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली झुकलेले. बाई त्या गार दगडावर तासभर स्वस्थ बसून राहिल्या. दुसऱ्या खेपेस दोघे टिळकवाडीस गेले आणि काँग्रेस विहीर पाहून आले. डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली ही विहीर. महात्माजींनी अध्यक्षपद भूषविलेले काँग्रेसचे ते एकमेव अधिवेशन होय. दुपारी दोघे खानावळीत जेवले. लग्नकार्ये सोडली तर दुसऱ्याने वाढलेले गरम ताट आपल्यापुढे प्रथमच आले, असे बाईंनी आम्हांस मागाहून सांगितले.

त्याच रात्री यजमानांनी मुलाला फोन केला: “अवश्य या, पण यंदा आईने एकटीने रांधायचे नाही.” मुलाला ते लागले. “आम्ही येऊ नये असे म्हणता का, बाबा?” असे विचारून त्याने फोन ठेवला. तो दोन दिवस उशिरा आला. येऊनही पहिला दिवस अबोल्यातच गेला.

येथे एक धोका होता. सासूच्या हातातील लाटणे सुनेच्या हाती गेले असते, तर काय साधले असते? तीही वर्षभर नोकरी व घर सांभाळून चार दिवस विसाव्याला आलेली. यजमानांनी हे ओळखले. दुसऱ्या दिवशी सकाळी रविवारच्या बाजारातून त्यांनी स्वतः भाजी आणली आणि मुलाला हाक मारली, “ये रे, कांदा चिरू लाग.” त्या दिवशी आमटी खारट झाली. भाकरीचा एक कडा जळाला. बाई चार वेळा उंबऱ्याशी आल्या आणि चारही वेळा त्यांना परत पाठवावे लागले. सोडणे हेसुद्धा शिकावे लागते. परंतु बापलेकांचा अबोला त्या शेगडीपुढेच सुटला. मे महिन्यातील शेवटच्या रविवारी बाई मिस्सेला आल्या, सुनेला घेऊन आल्या.

वाचकहो, आजोळी अवश्य जा. म्हाताऱ्या माणसांना तुमच्या येण्यापरते सुख नाही. परंतु पिशव्या ठेवताक्षणी स्वयंपाकघरात डोकावा आणि तेथे एकटे कोण उभे आहे ते पाहा. आणि निवृत्त बंधूंनो, नातवंडांना गाव दाखविण्यापूर्वी ते आपल्या सहधर्मचारिणीने पाहिले आहे काय, एवढे तिला विचारा.

जुलैमध्ये घटप्रभा दुथडी भरून वाहू लागली की ते दोघे गोकाकला जाणार आहेत. आम्हांसही आमंत्रण आले आहे. आम्ही ते एका अटीवर स्वीकारले आहे: शिदोरी आम्ही आणू.