विश्लेषण : नवी बॅटरी टाकूनही दुचाकी बंद का पडते? वायरिंगमधील दोष कसा शोधावा?

पाऊस सुरू झाला की गॅरेजसमोर बंद पडलेल्या दुचाकींची रांग लागते. कुणाचा सेल्फ लागत नाही, कुणाचा हेडलाइट मिणमिणतो, तर कुणाची गाडी हँडल वळवताच बंद पडते. पहिला संशय बॅटरीवर जातो आणि ती बदलली जाते. आठवड्याने तीच तक्रार पुन्हा उद्भवते. अशा वेळी दोष बॅटरीत नसून एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडणीत असण्याची शक्यता मोठी असते.

वायरिंगचे दुखणे आता अधिक महाग का?

जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्या बॅटरी उतरली तरी किक मारून सुरू होत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन आले. इंधनपंप, इंजेक्टर, सेन्सर आणि त्यांचा मेंदू असलेला ईसीयू यांना स्थिर वीजपुरवठा लागतो. एखाद्या कपलरमधील पिन हलली तरी इंजिन बंद पडू शकते. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असताना सतत पेटलेला असतो. त्यामुळे त्या वाटेवरच्या जोडण्यांवर भार कायम राहतो.

जोडणी बिघडते म्हणजे नेमके काय होते?

तांब्याची पिन ओलाव्यात आली की तिच्यावर हिरवट थर चढतो. किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे हे लवकर होते. हा थर विजेला अडवतो, म्हणजे जोडणीचा रोध वाढतो. ३५ वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या वाटेवर १ ओहमचा रोध आला, तरी दोनहून अधिक व्होल्ट दिव्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात त्या कपलरमध्येच खर्च होते. उष्णतेने पिन आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो आणि शेवटी प्लास्टिक वितळते.

दुसरे कारण हालचाल. हँडल दिवसातून शेकडो वेळा वळते. त्यामुळे हँडलच्या गळ्याजवळून जाणाऱ्या वायरींचे तंतू एकेक करून तुटतात. बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते. उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये उंदरांनी वायर कुरतडणे हेही नेहमीचेच.

लक्षणांवरून दोष कसा ओळखावा?

सर्वच बंद असेल तर मुख्य फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल आणि चावीचा स्विच आधी पाहावा. फक्त हॉर्न किंवा ब्रेकलाइटच चालत नसेल, तर त्याच वाटेवरचा स्विच, कपलर किंवा बल्ब तपासावा. इंडिकेटर लावल्यावर दुसराच दिवा लुकलुकत असेल, तर अर्थिंग सैल असल्याचा संशय घ्यावा. हँडल वळवल्यावर इंजिन बंद पडत असेल, तर गळ्याजवळील वायरी तपासाव्यात. तात्पर्य, एकाच वेळी अनेक गोष्टी बिघडल्या असतील तर दोष त्यांच्या सामाईक वाटेवर असतो.

मल्टिमीटरने काय तपासावे?

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी काही तास बंद असताना साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण चार्ज आहे. १२ व्होल्टच्या आसपास असेल तर जवळपास रिकामी. इंजिन सुरू करून रेस वाढवल्यावर टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. मिळत नसतील तर मॅग्नेटो कॉइल, आरआर युनिट किंवा त्यांचे कपलर तपासावे लागतात. १५ व्होल्टच्या वर आकडा गेला तर आरआर युनिट संशयास्पद.

यापुढच्या टप्प्यावर अनेकांची फसगत होते. दहापैकी नऊ तंतू तुटलेली वायरही भार नसताना १२ व्होल्ट दाखवते. म्हणून मोजमाप भार चालू ठेवून करावे. हेडलाइट पेटवून मीटरची एक टोचणी बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनला लावावी. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वाटेत दोष आहे. मग टोचणी एकेक कपलर मागे आणत न्यावी. फरक जिथे एकदम कमी होतो, त्याच्या पुढच्या तुकड्यात दोष सापडतो. हीच चाचणी बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि दिव्याची अर्थिंग यांच्यात करावी. तिथे हा फरक ०.२ व्होल्टच्या आत असावा.

दुरुस्ती टिकाऊ कशी होईल?

काम सुरू करताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी काढावे आणि जोडताना शेवटी लावावे. हिरवट झालेली पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावी, सैल असेल तर बदलावी. वायर काळी पडली असेल तर चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापावी आणि त्याच जाडीचा तुकडा जोडावा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा पहिल्याच पावसात पाणी पितो. सांधा क्रिम्प किंवा सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवावी. जिथे वायर सतत वाकते तिथे सोल्डर टाळावे, कारण ताठ झालेली वायर त्याच्या कडेलाच तुटते.

फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार बसवणे घातक आहे. तेव्हा फ्यूजऐवजी वायर जळते. ईसीयू आणि सेन्सरच्या वायरींना बल्बचा टेस्टर लावू नये. वायरीला टाचणी टोचून तपासू नये, त्या छिद्रातून पाणी शिरते. जादा दिवे बसवायचे असतील तर स्वतंत्र फ्यूज आणि रिले हवा. मूळ वायरिंग कापल्यास वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

संपूर्ण वायरिंग सेट बदलणे गरजेचे असते का?

जळालेल्या किंवा ठिकठिकाणी कुरतडलेल्या वायरिंगला पर्याय नसतो. मात्र एका कपलरसाठी पूर्ण सेट बदलणे ग्राहकाला परवडणारे नाही. अडचण अशी की, नव्या मॉडेलचा सर्किट आराखडा आणि निदानयंत्र छोट्या गॅरेजला सहज मिळत नाही. तिथे अंदाजाने सुटे भाग बदलले जातात आणि त्याचे पैसे ग्राहक मोजतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. मात्र केवळ पोर्टलमुळे प्रत्येक कंपनीवर आराखडे खुले करण्याची सक्ती होत नाही. तोवर ग्राहकाच्या हाती एक साधा प्रश्न उरतो. बॅटरी किंवा वायरिंग सेट बदलण्याचा सल्ला मिळाला, तर भार चालू ठेवून किती व्होल्ट मिळाले, हे मेकॅनिकला विचारावे. आकडा सांगता येत नसेल, तर सुटा भाग बदलण्याची घाई करू नये.