ताप अंगावर काढणारे डॉक्टर

एमबीबीएसच्या मुलाला ताप आला की तो आधी हजेरीचा हिशेब मांडतो, गोळी नंतर घेतो. परीक्षेला बसायचं तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाप्रमाणे थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिक-क्लिनिकलला ८० टक्के हजेरी लागते. समजा चार आठवड्यांची पोस्टिंग आहे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २४ दिवस. कॉलेज पोस्टिंगनिहाय हिशेब धरत असेल तर २० भरावेच लागतात, हाताशी उरतात चार. डेंग्यूचा ताप सात दिवसांपर्यंत राहू शकतो आणि उतरल्यावरही काही दिवस जिना चढवत नाही. कांजिण्यांच्या रुग्णाने सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी थांबावं, हे याच मुलाने उत्तरपत्रिकेत लिहून मार्क मिळवलेले असतात. चार दिवसांत यातलं काहीच बसत नाही. मग पॅरासिटामॉल घेऊन स्वारी वॉर्डात हजर.

आपल्या मीरा-भाईंदरच्या मुलांना त्यात लोकलची भर. नायर, केईएम, सायन, कूपर यांपैकी कुठे प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात, पण वसतिगृहात खोली मिळेलच असं नाही. मग सकाळी विरारहून भरून आलेली गाडी पकडायची, मुंबई सेंट्रल किंवा दादरपर्यंत उभ्याने जायचं, राउंड सुरू व्हायच्या आत वॉर्ड गाठायचा. अंगात १०१ ताप असला तरी क्रम तोच. त्याचा खोकला डब्यातल्या किती जणांच्या वाट्याला जातो, हा हिशेब कुणी मांडत नाही. (संध्याकाळी परतल्यावर सोसायटीतले काका लिफ्टमध्येच आपला शुगरचा रिपोर्ट पुढे करतात, ते वेगळंच.)

मला खटकतं ते पुढे. दिवसभर डॉक्टरांच्या गराड्यात वावरणाऱ्या या मुलाला स्वतःचा असा डॉक्टर नसतो. कॉरिडॉरमध्ये सीनियर गाठायचा, ‘सर, तीन दिवस ताप आहे’ म्हणायचं, तो चालता चालता ‘अझिथ्रो घे’ सांगणार, विषय संपला. नाडी बघितली जात नाही, छातीला स्टेथोस्कोप लागत नाही. केसपेपर तर निघतच नाही. पोट दुखतं म्हणून आलेल्या अनोळखी माणसाचा केसपेपर काढल्याशिवाय पुढे न सरकणारं रुग्णालय आपल्याच विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र चालता-बोलता उपचार करतं. कागद नाही, म्हणजे नोंद नाही. नोंद नाही, म्हणजे आजार झालाच नाही.

टीबीच्या बाबतीत हे फार महागात पडतं. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि मुंबईत औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं प्रमाण हा जुना घोर आहे. मेडिसिन आणि चेस्टच्या वॉर्डात, हवा न खेळणाऱ्या ओपीडीत, मुलं रुग्णाच्या तोंडासमोर उभी राहून हिस्टरी घेतात. ते शिकण्याचा तोच मार्ग आहे. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासायला सांगा, हे ती रुग्णांना रोज बजावतात. स्वतःचा खोकला मात्र एसीचा, धुळीचा, लोकलचा. २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, पण जो तपासणीलाच जात नाही त्याची नोंद होणार कुठून? निवासी डॉक्टरांच्या मार्ड संघटनेला टीबीसाठी पगारी रजा मागावी लागली आणि ती मागणी संपाच्या यादीत घालावी लागली, यातच सगळं आलं.

आणि ही गोष्ट आजची नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणशी नातं असलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला वैद्यकी शिकायला गेल्या. तिथली थंडी, न मानवणारं अन्न, अभ्यासाचा ताण. प्रकृती शिकता शिकताच ढासळत गेली. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्री-विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या जिद्दीवर आपल्याकडे कादंबरी आली, नाटक आलं, सिनेमा आला. आजारी विद्यार्थिनी म्हणून त्यांच्याकडे मात्र आपण फारसं पाहत नाही. सोसत राहण्याचंच कौतुक करायची आपल्याला सवय आहे.

कॉलेजांमध्ये या सवयीला मोठा मान आहे. हाताला सलाइनची सुई तशीच ठेवून ड्यूटी केलेल्या निवासी डॉक्टरचा किस्सा ज्युनियरना अभिमानाने सांगितला जातो. मला तो किस्सा लाजिरवाणा वाटतो, त्या डॉक्टरसाठी नव्हे, त्याच्या युनिटसाठी. १९९२ च्या केंद्र सरकारच्या निर्देशात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तास काम सांगितलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ च्या अहवालासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ४५ टक्क्यांनी ६० तासांच्या वर काम करतो असं सांगितलं. कृतिदलाची शिफारस काय? ७४ तासांपेक्षा जास्त नको! ‘आम्हीही असंच केलं’ म्हणणाऱ्या सरांना एवढंच विचारावंसं वाटतं, की तुम्ही तापात बालरोग विभागात उभे होतात तेव्हा शेजारच्या इनक्युबेटरमध्ये कोण होतं? केमोथेरपी सुरू असलेल्या माणसाला विद्यार्थ्याचा साधा फ्लूही झेपत नाही. आजारी विद्यार्थ्याला घरी बसवणं हे त्याचे लाड नव्हेत, ती रुग्णाची काळजी आहे.

ते जमतं, हे आपण पाहिलंय. २०२० मध्ये भाईंदरचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं, त्या दिवसांत कणकण असलेल्या डॉक्टरला कामावर येऊच नका असं सांगितलं जात होतं. तेव्हा कुणी टक्के मोजले नाहीत. साथ ओसरली आणि जुना खाक्या परत आला.

माझी मागणी छोटी आहे. प्रमाणित आजारपणाचे दिवस हजेरीच्या छेदातूनच वगळा. २४ पैकी सात दिवस डेंग्यूत गेले, तर टक्केवारी १७ वर काढा, आणि राहिलेली कौशल्यं नंतर करून घ्या. २०१९ पासूनचा अभ्यासक्रम क्षमताधारित म्हणवतो. मुलाला काय येतं ते लॉगबुकात तपासून सही होते. मग तो वॉर्डात किती दिवस उभा होता, यावर परीक्षा का अडावी? खोट्या सर्टिफिकेटांचा सुळसुळाट होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. ती कशी मिळतात हे आपल्या शहरात कुणाला सांगायला नको. म्हणून सर्टिफिकेट कॉलेजच्याच रुग्णालयाचं असावं, रीतसर केसपेपरवर, आणि ते देणारा डॉक्टर त्या मुलाचा परीक्षक नसावा. इंटर्नना वर्षाला १५ दिवस रजा आहे. तीत बहिणीचं लग्नही आलं आणि कावीळही. आजारपणाचा कप्पा वेगळा हवा.

नियम बदलेपर्यंत दोन गोष्टी मात्र मुलांच्याच हातात आहेत. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी घ्या. दोन घेऊन तिसरा विसरणारे पुष्कळ. आणि सुई टोचली तर गप्प बसू नका. ओरडा बसेल म्हणून हात धुऊन गुपचूप घरी निघणारी मुलं असतात. एचआयव्हीच्या धोक्यात प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत जायला हवा, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत, आणि तो कोर्स २८ दिवसांचा असतो. वॉर्ड सोडून, दादरला गर्दीच्या दोन गाड्या जाऊ देऊन, भाईंदरला उतरून रिक्षाच्या रांगेत उभं राहीपर्यंत त्यातले दोन तास गेलेले असतात. डोस मागे, रुग्णालयातच राहिलेला असतो. तेव्हा आधी वॉर्डच्या सिस्टरना सांगा, कॅज्युअल्टीत जा, आणि स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा.