तिखटाचे माप आणि गुडघ्याचे दुखणे

नंदुरबारच्या बाजारात आलेली ओली लाल मिरची मोकळ्या पथाऱ्यांवर वाळवली जाते आणि तिचे देठ खुडण्याचे काम मजूर स्त्रिया तासन्‌तास खाली बसून करतात. ज्या द्रव्याने त्यांच्या हातांची आग होते, ते कॅप्सायसिन गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातावरील मलमात औषध ठरले आहे. संधिवाताच्या या प्रकारात सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, हळूहळू झिजते.

त्वचेतील वेदनावाहक मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारा ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन, असतो. 1997 मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी त्याचा शोध लावला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सायसिन याच ग्राहकाला चेतवते, म्हणून प्रथम दाह होतो. परंतु लेप नियमित राहिल्यास तंतू मंदावतात आणि वेदनेचा निरोप क्षीण होतो. झिजलेली कूर्चा मात्र त्यामुळे भरून येत नाही.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये गुडघ्यासाठी या मलमाची सशर्त शिफारस केली. व्यायाम आणि वजनावरील नियंत्रण यांवर तिने त्याहून अधिक भर दिला. मलमात कॅप्सायसिनचे प्रमाण साधारणतः 0.025 ते 0.075 टक्के असते, तर घरातल्या मिरचीचा तिखटपणा वाणागणिक बदलतो. म्हणून मिरची वाटून गुडघ्यावर बांधणे हा उपचार नसून त्वचा भाजण्याचा धोका आहे. मलमही जखमेवर लावू नये. कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे लावल्यावर हात साबणाने नीट धुवावेत आणि डोळ्यांना लावू नयेत.

हे मलम दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे न चुकता लावावे लागते आणि नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली गावाचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. सरदार सरोवराच्या बुडितात सर्वप्रथम सापडलेल्या महाराष्ट्रातील या गावाला सातपुड्याचे चढ-उतार रोजचेच आहेत. नर्मदाकाठच्या वस्त्यांपर्यंत बोटीने दवाखाना पोहोचवण्याची कल्पना या जिल्ह्याने प्रत्यक्षात आणली आहे. परंतु एका फेरीत मिळालेली नळी पुढच्या फेरीआधीच संपली, तर रुग्णाच्या वाट्याला दाह तेवढा येतो, आराम येत नाही. म्हणून गुडघा तपासून औषध ठरवणे, पुढील फेरीपर्यंत पुरेल इतके मलम देणे आणि ते लावण्याची रीत रुग्णाच्या बोलीत समजावणे, ही तिन्ही कामे एकत्रच झाली पाहिजेत. जिल्ह्याच्या मिरचीची कीर्ती सांगताना तिथल्या कष्टकऱ्यांच्या गुडघ्यांचीही तितकीच काळजी घेणे हे आरोग्यव्यवस्थेचे कर्तव्य आहे.