फोल्डर उघडत नाही: जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी, भंडारा यांस,



मी तुमसर-मोहाडीकडे कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. त्याच्या आगेमागे कार्यालयांत, सोसायट्यांत, राइस मिलमध्ये नवे कॉम्प्युटर आले. तेव्हापासून फोन एकच: "फोल्डर उघडत नाही."

अशा ठिकाणी 'सर्व्हर' म्हणजे बहुधा एखाद्या बाबूच्या टेबलाखालचा जुना डबा. त्यात धान खरेदीच्या याद्या असतात. शेतकऱ्याचं नाव, सातबारा, आधार, बँक खातं, सगळं एका शेअर फोल्डरमध्ये. पासवर्ड नाही, कोणीही 'गेस्ट' म्हणून आत. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीवरून तिथे जायला गेलं, की संदेश येतो: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न दिलेल्या गेस्टला प्रवेश नाही. बाबू मलाच विचारतात, "आमच्या संस्थेनं असं धोरण कधी केलं?" केलेलं नसतंच. मायक्रोसॉफ्टनं ते आधीच लावून पाठवलेलं असतं.

गंमत म्हणजे अडवणारा तो जुना डबा नसतो. आत जायला नवा कॉम्प्युटरच नकार देतो. पाहुणाच उंबऱ्यावर थबकतो: जिथे मला नावही विचारत नाहीत, ते घर माझ्या यजमानाचंच कशावरून? त्याचं बरोबर आहे. पासवर्डच नसेल तर दोन कॉम्प्युटरांमध्ये गुप्त किल्ली तयार होत नाही, आणि किल्लीशिवाय जाणाऱ्या-येणाऱ्या मजकुरावर नव्या विंडोजला हवी असलेली डिजिटल सही होत नाही. मग मधेच कोणी खोटा सर्व्हर होऊन बसला तर कळणार कसं?

आमच्या धंद्यातला चालू उपाय दोन मिनिटांचा. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत 'इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन' सुरू करायचं, सहीची अट काढायची, दोनशे रुपये घ्यायचे. सेटिंगच्या नावातच 'असुरक्षित' आहे, तरी मीही केलंय.

अशी ढिलाई महागात पडते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्यानं जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प केलं होतं. तो हल्ला गेस्टच्या दारातून आला नव्हता, हे मान्य. पण आपण फाइली पाठवतो त्याच शेअरिंगच्या जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातूनही तो एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात शिरत गेला.

म्हणून मागणी एक पानाची आहे. सातही तालुक्यांतल्या कार्यालयांना आणि खरेदी केंद्रांना लेखी सूचना द्या, की गेस्ट सुरू करून घेऊ नका. फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरवर प्रत्येक टेबलासाठी वेगळं खातं आणि पासवर्ड करा. कोणाला नुसतं वाचायचं, कोणाला बदलायचं, ते तिथेच ठरवा. नव्या कॉम्प्युटरवर तो पासवर्ड एकदाच जतन करायचा, रोज टाकावा लागत नाही. आणि दुरुस्तीवाल्याकडून काय बदललं ते लिहून घ्या, माझ्याकडूनही.

डबा विंडोज ७ चा असला तरी हे चालतं (तो बदलायला हवा, ते वेगळं). मागच्या आठवड्यात साकोलीकडच्या एका ठिकाणी केलं. चहा सांगितला होता, तो यायच्या आत फोल्डर उघडलं.

आपला,
तुमसरचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला