पवनचक्कीचें चित्र आणि चक्कीवाल्याची नोंद

हॉलंडांतील किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्यांचीं चित्रें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. बहुतेक चक्क्या १७३८ ते १७४० च्या दरम्यान सखल जमिनींतील पाणी उपसण्यासाठीं बांधल्या. चक्कीवाल्याचें बिऱ्हाडहि आंतच असे. त्या देशीं चाल अशी कीं, पातें उभें येण्याच्या किंचित् आधीं थांबविलें तर घरीं मंगलकार्य, उभें होऊन किंचित् पुढें गेल्यावर थांबविलें तर सुतक. म्हणजे जुनें छायाचित्र हा दाखलाच होय! पण घराण्याचें नांव व तारीख नसतां तो वाचावा कसा? मुलकी खात्यांत फेरफार लिहिण्यांत आमचें आयुष्य गेलें. वारसाच्या नोंदीवांचून नकाशा आम्हांस मुकाच वाटतो. युनेस्कोनें २०१७ सालीं तेथील चक्कीवाल्यांच्या कसबास वारशाचा मान दिला, हें उचितच झालें. आतां संग्राहकांनीं प्रत्येक चित्रामागें कुटुंबाचें नांव व साल लिहवून घ्यावें. सांगणारे म्हातारे अद्याप आहेत तोंवरच.